काटा शून्यावर

शनिवार, २८ ऑक्टोबर २०००. पहाटेचे सव्वापाच. लक्ष्मीपूजन होऊन दोन रात्री उलटल्या होत्या. दिवाळीत सुरतेचं कतारगाम गावाला जातं. हिऱ्याच्या कारखान्यांना कुलपं लागतात, रत्नकलाकार बायकापोरं घेऊन भावनगर-अमरेलीच्या बसगाड्या पकडतात आणि पंधरा-वीस दिवस इथल्या गल्ल्यांत कुत्री आणि वॉचमन तेवढे उरतात. त्या वर्षी त्यांच्या जोडीला माझ्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. टेबलावर मुंबईच्या एका जुन्या हॅमकडून, म्हणजे हौशी रेडिओवाल्याकडून, घेऊन हप्त्याहप्त्यानं फेडलेला जपानी सेट, थर्मासात चहा, डब्यात घरच्या चकल्या. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांची नजर सेटच्या काट्यावर होती, आणि काटा डाव्या टोकाजवळ निपचित पडलेला होता.

कतारगाममध्ये काटा म्हटलं की हिरे जोखायचा. शंभर सेंटांचा एक कॅरेट, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. एका सेंटवरून इथे भावाभावांत अबोला झालेला मी पाहिला आहे. आमचा काटा वेगळा. बाहेरून किती जोराचा संदेश येतोय ते तो एक ते नऊ आकड्यांत दाखवतो. एक आकडा चढला की अँटेनावरचा दाब दुप्पट झाला असं समजायचं. पण काट्याला संदेश कुठला आणि खरखर कुठली हे कळत नाही. बँडवर, म्हणजे लहरींच्या त्या पट्ट्यावर, कुणी नसतानाही तो सातवर उभा असेल, तर ती सात आकड्यांची खरखर आपल्या शेजारपाजारची. तिच्या खालचं जग बोललं काय न बोललं काय, आपल्याला ऐकू येत नाही.

ही खरखर कुठून येते हे मला विचारा, कारण त्यातली निम्मी मीच दुरुस्त करून दिलेली आहे.

मी मोटार रिवाइंडिंगवाला. १९८३ मध्ये नंदुरबारहून सुरतेला आलो. आमच्याकडची तापी इकडेच येते, मीही तिच्या मागोमाग आलो, एवढंच. सुरतेत आलेला मराठी माणूस उधना नाहीतर लिंबायतला उतरतो. मला काम कतारगामला मिळालं म्हणून मी इथे राहिलो. पहिल्याच कारखान्यात शेठनं नाव विचारलं, आडनावावरून ओळखलं आणि हसत म्हणाला, “लूंटवा आव्या के रिपेर करवा?” १६६४ ची गोष्ट सुरत अजून विसरलेली नाही. मी म्हटलं, “शेठ, यावेळी रिपेर.”

त्या काळी कतारगाम दरवाजा ओलांडून पुढे आलं की थोड्याच वेळात वाल-पापडीची शेतं लागत. कतारगामची पापडी नसेल तर सुरती माणूस उंधियूला उंधियू म्हणत नाही. मी आलो तेव्हा ती शेतं एकेक करून विकली जात होती आणि जिथे काल वेल होते तिथे घंट्या बसत होत्या. घंटी म्हणजे हिरा घासायची. मधोमध बिडाची गोल तबकडी फिरते, तिला इथे सरण म्हणतात. तिच्यावर हिऱ्याची भुकटी तेलातून चोळलेली असते, कारण हिऱ्याला हिराच घासतो. भोवती चार माणसं मांडी घालून बसतात. खालून मोटार, मोटारीवरून पट्टा आणि डोक्यावर हात वर केला तर लागेल इतक्या खाली टांगलेल्या ट्यूबलाइट. अशा वीस घंट्या एका मजल्यावर, असे तीन मजले एका इमारतीत, अशा इमारती गल्लीभर.

मला हॅम रेडिओची चटक नंदुरबारलाच लागली होती. इथे येऊन मोर्सचा सराव केला, परीक्षा द्यायला मुंबईला गेलो. त्या वेळी दुसऱ्या श्रेणीच्या परवान्याला मिनिटाला पाच शब्दांचा वेग लागे, पहिल्या श्रेणीला बारा. पास झालो. पुढे पोलीस चौकशी, कागद, पुन्हा कागद. परवाना हातात पडेपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ८०७ च्या व्हॉल्व्हवर मी पहिला ट्रान्समीटर बांधून ठेवला होता. परवाना आला त्या संध्याकाळी हेडफोन कानाला लावला आणि ऐकलं काय, तर माझ्याच मोटारी.

त्यानंतर मी खरखर ओळखायला शिकलो. ऐंशीच्या दशकातली खरखर ट्यूबलाइटची होती, चोकची आणि मिचमिचणाऱ्या स्टार्टरची, चणे भाजल्यासारखी. मग घाट पाडायच्या मशिनी वाढल्या. त्यांच्या लहान मोटारींचे कार्बन ब्रश झिजले की कम्युटेटरवर ठिणग्या पडत आणि सेटमध्ये कापड फाडल्याचा आवाज येई. तो वाढला की मला कळे, अमक्या कारखान्यातून आठवड्याभरात बोलावणं येणार. पुढे हिरे कापायला लेझर आले, संगणक आले, त्यांच्या वीजपुरवठ्यांचा बारीक, न थांबणारा गुणगुणाट आला. कुणी कतारगामचा इतिहास लिहायला घेतला तर त्यानं जमिनीचे सातबारे बघावेत. मी तोच इतिहास काट्यावर बघत होतो. दुपारी आठ, रात्री कारखाने सुटल्यावर पाच, रविवारी तीन. आणि दिवाळीत एक.

म्हणून आमच्या सहा जणांच्या क्लबाची वर्षातली एकच तिथी ठरलेली. सीक्यू या अमेरिकन मासिकाची जागतिक स्पर्धा १९४८ च्या सुमारास सुरू झाली. तिचा आवाजी भाग ऑक्टोबरातल्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो, मोर्सचा नोव्हेंबरात. दिवाळी कधी तिच्या आधी, कधी नंतर. सुट्टी आणि स्पर्धा एकत्र आली की आमचा उत्सव दुप्पट. २००० साली त्यात तिसरी गोष्ट मिळाली. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र ऐन माथ्यावर होतं. डाग जितके जास्त तितका वरच्या वातावरणाचा थर विद्युतभारित, आणि तितक्या दूरवरून लघुलहरी परतून जमिनीवर येतात. आकाश उघडं आणि शेजार शांत, असा योग आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

स्पर्धेची वेळ ग्रीनिचच्या घड्याळानं चालते. त्या घड्याळात ती शुक्रवार-शनिवारच्या मध्यरात्री सुरू होते, आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आणि संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. म्हणजे सुट्टी नसेल तर अठ्ठेचाळीस तास जागून थेट कामावर.

बोलणं म्हणाल तर पाच सेकंदांचं. समोरचा आपलं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगतो, आपण म्हणतो, “फाइव्ह नाइन, टू टू.” तो त्याचे आकडे सांगतो, थँक यू, पुढचा. फाइव्ह नाइन म्हणजे तुझा आवाज स्वच्छ आणि जोरदार. कानाला चिमटे बसत असले तरी सगळे सगळ्यांना हेच सांगतात. टू टू म्हणजे विभाग बावीस. स्पर्धेसाठी जगाचे चाळीस विभाग केले आहेत. बाविसात भारत, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव. या विभागात हॅम थोडे, म्हणून आम्हाला भाव मोठा. एरवी कतारगामच्या रिवाइंडिंगवाल्याला कोण विचारतो? त्या शनिवारी दुपारनंतर युरोपातले पन्नास-पन्नास जण एका वेळी आमच्यावर तुटून पडले. त्या गलक्यातून दोन अक्षरं पकडायची, ती परत म्हणायची, बाकीच्यांना थोपवायचं. एक जण माइकवर, एक वहीवर आणि तिसरा मोठ्या तक्त्यावर, कारण त्याच बँडवर तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर गुण नाहीत. कॉलसाइन चुकीचं उतरवलं तर तपासणीत तो संपर्क तर जातोच, वर दंडही बसतो.

गुणांचा हिशेब असा. दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोललात तर तीन, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी एक. आणि स्वतःच्या देशातल्या माणसाशी बोललात तर शून्य. प्रत्येक बँडवर आपला देश एकदा मोजला की झालं, त्यापुढचा प्रत्येक भारतीय म्हणजे नुसता वेळ. रविवारी रात्री चाळीस मीटरवर कुणीतरी भारतीय स्टेशन आम्हाला हाका मारत होतं. आवाज बारीक, पण काटा खाली असल्यामुळे स्वच्छ. वहीवर बसलेला पोरगा मान वर न करता म्हणाला, “काका, देशी आहे, सोडा.” आम्ही सोडलं.

सोमवारी पहाटे बायको जिन्यावरून म्हणाली, “अहो, उजाडलं. आता तरी घरात माणसं आहेत का बघा.” वहीत सहाशेच्या वर संपर्क होते. आमच्या इतिहासातला तो उच्चांक, अजून मोडलेला नाही.

चाळीस मीटरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची गोष्ट त्याच पट्ट्यावर घडली. भारतात हॅम रेडिओचा पहिला परवाना १९२१ मध्ये कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तूंना मिळाला. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबानं प्रक्षेपण करून पाहिलं. ऑल इंडिया रेडिओ हे नाव यायला अजून तेरा वर्षं होती. मग १९३९ आलं. युद्ध पुकारलं गेलं, सरकारनं सगळे हौशी परवाने रद्द केले, सेट जमा करायला लावले. ज्यांनी केले नाहीत किंवा पुन्हा बांधले, त्यांतला एक मुंबईचा नरिमन प्रिंटर. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले आणि महिना संपायच्या आत मुंबईत लपूनछपून काँग्रेस रेडिओ सुरू झाला. त्याच्या तांत्रिक बाजूला हा प्रिंटर होता आणि माइकवर बावीस वर्षांची उषा मेहता. उषाबेन मूळच्या इथल्याच, सुरतेजवळच्या सरस गावच्या. जागा बदलत बदलत जेमतेम तीन महिने स्टेशन चाललं. १२ नोव्हेंबरला पोलीस दारात आले; ठिकाण त्यांना तंत्रज्ञाकडूनच कळलं होतं. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यातून त्या सुटल्या १९४६ मध्ये.

त्यांचं स्टेशन ४२.३४ मीटरवर लागायचं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन्सिल घेऊन भागाकार केला: ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे आमचाच चाळीस मीटरचा पट्टा, आमच्या सेटच्या तबकडीवरचीच जागा. पुढे स्वातंत्र्य आलं, १५ मे १९४८ ला महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मराठी माणसाला महू म्हटलं की बाबासाहेब आठवतात, हॅमांना ही दुसरी गोष्टही आठवते. आम्ही ज्या नियमांखाली परवाने घेतले ते १९७८ चे. पण चाळीस मीटरची खरी ओळख नियमांत नाही, पल्ल्यात आहे. दिवसा त्याच्या लहरी सरळ वर जाऊन पाचशे-सहाशे किलोमीटरच्या आत खाली उतरतात. परदेशासाठी इतर बँड बरे. दिवसाउजेडी देशातल्या देशात बोलायचं तर चाळीस मीटर. स्पर्धेच्या भाषेत, शून्य गुणांचा बँड.

दरवर्षी मकरसंक्रांतीआधी मी अँटेना उतरवतो. वीस मीटर तांब्याची तार, मध्ये बांबू, दोन्ही टोकं गच्चीच्या कठड्याला. उत्तरायणात सुरती मांजा तिला असा काही गुंडाळतो की तार आणि दोरा वेगळा करायला होळी उजाडते. २००१ मध्येही १३ जानेवारीला उतरवली, वेटोळं करून पाण्याच्या टाकीखाली ठेवली, आणि आळस केला. २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊला झेंडावंदनाचे लाउडस्पीकर चालू असताना टाकीतलं पाणी हिंदकळून कठड्यावरून सांडलं. खाली लोक ओरडत होते. सुरतेतही इमारती पडल्या, माणसं गेली. पण भूकंपानं कच्छात काय झालंय हे कळायला दुपार झाली. टेलिफोन लागत नव्हते. दोन तासांत तार पुन्हा वर चढवली, हाताला कापरं होतं म्हणून एका टोकाची गाठ दोनदा सुटली.

देशभरातून हॅम सेट घेऊन भूजकडे निघाले. जे निघू शकत नव्हते त्यांचं काम ऐकत राहायचं. एरवी तिसऱ्या माणसाचा निरोप पोचवायला आम्हाला बंदी असते, आपत्तीत मुभा मिळते. सात मेगाहर्ट्झवर नेट उभं राहिलं: एक स्टेशन सूत्रं हाती घेतं, बाकीचे नंबर लागेपर्यंत गप्प. आम्ही सहा जण पाळ्या लावून बसलो, तोच पोरगा वहीवर. जिन्यावर कारखान्यातले लोक. सौराष्ट्रातल्या माणसाला मोरबीची, सुरेंद्रनगरची काळजी. कुणाची बहीण अंजारला दिलेली. चिठ्ठ्यांवर नाव, गाव, गल्ली लिहून द्यायचे. आम्ही ती इतक्या सावकाश वाचायचो की स्पर्धेत त्या वेळात दहा देश झाले असते. पण अक्षर चुकायला नको ही सवय स्पर्धेनंच लावली होती. तिथे चुकलं तर गुण जायचे, इथे मेलेला जिवंत ठरला असता.

कारखाने चालूच होते. पोट थांबत नाही. काटा दुपारी आठवर. भूजकडचा बारीक आवाज त्याच्या खाली बुडायचा. दुसऱ्या दिवशी मी समोरच्या शेठकडे गेलो, म्हटलं, “दुपारी दोन तास घाटाच्या मशिनी बंद ठेवाल?” त्यानं कारण विचारलं नाही. जिन्यावर त्याचाच मुनीम बसलेला त्यानं पाहिला होता. दोन वाजता काटा चारवर आला.

पाचव्या-सहाव्या दिवशी वही चाळताना पोरगा म्हणाला, “काका, एवढी पानं भरली, गुण शून्य.” मग त्यालाच काहीतरी आठवलं आणि तो गप्प झाला. मलाही तेच आठवलं होतं. ऑक्टोबरात आम्ही सोडलेला तो देशी कोण होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

काटा पुरता शून्यावर मी एकदाच पाहिला. ऑगस्ट २००६. उकाई धरण १९७२ मध्ये बांधून झालं तेव्हा सुरत म्हणाली होती, आता तापीचं भय गेलं. त्या ऑगस्टमध्ये वरून पाऊस लागला, धरणातून नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं. ९ तारखेला नारळी पौर्णिमा, समुद्राला उधाण. आलेलं पाणी खाडीत उतरेना. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली. आमच्याकडे डभोली-वेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. वीज गेली, मोबाइल गेले, पिण्याचं पाणी गेलं.

माझ्याकडे तेव्हा हाती बांधलेला एक लहान सेट होता. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स नावाचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला होता. परदेशी सुटे भाग मिळत नाहीत ही भारतीय हॅमची जुनी रड. त्यांनी कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले. मी वाडीफळियातल्या दुकानातून रुपयाला एक असे वॉशर आणले होते. सेटची ताकद सहा वॅट, घरातला झिरोचा बल्बही त्याहून जास्त खातो. ट्रकची बॅटरी जोडली, हेडफोन लावला आणि वाटलं, सेट मेला. कानात काही नाही. काटा डाव्या खिळ्याला टेकलेला.

मग त्या शांततेत खोल कुठेतरी एक मोर्सची किल्ली टिकटिकत असलेली ऐकू आली. लाखांच्या शहरात एक ट्यूब, एक मोटार, एक पंखा चालू नव्हता. इतकी वर्षं मी जी शांतता मागत होतो ती मिळाली होती आणि खाली गल्लीत माणसं पाण्यातून पाण्याची बाटली शोधत होती. सहा वॅटवर मी मुंबईच्या एका हॅमला हाक मारली, तो पहिल्या हाकेला आला. अमक्या सोसायटीत बाळंतीण, तमक्या गल्लीत डायलिसिसचा पेशंट. तो ऐकायचा, तिकडून फोन फिरवायचा. त्या दोन रात्री मला सगळं ऐकू येत होतं. तिसऱ्या रात्री दूरवर कुठेतरी वीज आली आणि काटा किंचित थरथरून एकवर उभा राहिला. मी बायकोला हाक मारून तो दाखवला.

तेव्हापासून खरखरीवर माझा राग नाही. २०१९ मध्ये दिवाळी नेमकी स्पर्धेच्या रविवारी आली. काटा खाली, पण सूर्यही ऐन मंदीत, वरचे बँड ओस. आम्ही दोघेच बसलो, चकल्या संपवल्या आणि झोपलो. पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये कारखाने बंद पडले, तरी काटा तीनच्या खाली गेला नाही. आता घराघरांत एलईडी, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर. खरखर कारखान्यातून घरात आली आहे. क्लबातले दोघे गेले, एक मुलाकडे पुण्याला राहतो. वहीवरचा पोरगा आता चाळिशीचा आहे, लेझर मशिनींच्या वीजपुरवठ्याचं काम करतो आणि घरी आला की आधी काटा बघतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा सूर्य माथ्यावर होता. स्पर्धा २६ तारखेला, दिवाळी तिच्यानंतर पाचेक दिवसांनी. म्हणजे शनिवारी कारखाने भरात हवेत, काटा सातला टेकायला हवा. वहीवरच्या पोराच्या मुलीला पहिल्यांदा माइकवर बसवायचं होतं. साडेपाचला सेट लावला. काटा तीनवर. दिवस उजाडला, आठ वाजले, नऊ वाजले. कारखान्यांची वेळ झाली तरी तीनवरच. दहा मीटरचा बँड असा उघडला होता की जपान एकामागून एक येत होतं. पोरगी खूश, म्हणाली, “आजोबा, किती स्वच्छ येतंय!”

मी खिडकीपाशी गेलो. समोरच्या कारखान्याचे वरचे दोन मजले अंधारात. हिऱ्याला उठाव नाही म्हणून शेठनं सुट्टी दहा दिवस आधीच देऊन टाकली होती. पुन्हा कधी उघडणार ते दारावर लिहिलेलं नव्हतं. खालच्या मजल्यावर एकाच घंटीवरची ट्यूब चालू होती.

मागे कुणीतरी भारतीय स्टेशन हाका मारू लागलं. पोरीनं बापाकडे बघितलं. बाप म्हणाला, “देशी आहे, घे.”